उत्तर मागच्या पानावर नाही

आजचा विषय आहे मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या मुलांना 'डिझाइन' कसं शिकवायचं याचा इतिहास. विषय मजेशीर आहे, पण मजेच्या खाली एक जुनं भांडण आहे.

आपल्यापैकी ज्यांनी इंजिनिअरिंग केलंय त्यांना 'जीटी' आठवत असेल. काचेखाली दिवा, काचेवर सीनियरची शीट, तिच्यावर आपली कोरी शीट. रात्रभर ट्रेसिंग, सकाळी सबमिशन. आम्हीही ते केलं, लपवण्यात अर्थ नाही. हे जमायचं कारण सगळ्या वर्गाचं उत्तर एकच असायचं. ज्या प्रश्नाला एकच उत्तर आहे, त्याचीच जीटी मारता येते.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत इंजिनिअरिंगचे अभ्यासक्रम विज्ञानाकडे झुकले. रडारसारखी युद्धातली मोठी कामं भौतिकशास्त्रज्ञांच्या हातून झाली, ही बोच इंजिनिअरांना होती. 1955 साली ग्रिंटर समितीचा अहवाल आला आणि उष्मागतिकी, द्रवयांत्रिकी, पदार्थविज्ञान यांना मान मिळाला. वर्कशॉप आणि ड्रॉइंग मागे सरलं. अहवालात डिझाइन काढून टाका असं म्हटलेलं नव्हतं, उलट त्याला जागा होती. पण परीक्षेत जे सहज तपासता येतं तेच अभ्यासक्रमात टिकतं, हा आपलाही अनुभव आहे.

याच काळात मॅसॅच्युसेट्सच्या एमआयटीत जॉन अर्नोल्ड नावाचे प्राध्यापक होते. (पुण्यातल्या एमआयटीचा या गोष्टीत शेवटी संबंध येणार आहे, थांबा जरा.) अर्नोल्ड यांचं आधीचं शिक्षण मानसशास्त्राचं. त्यांनी मुलांना एक काल्पनिक ग्रह दिला, आर्क्टुरस चार. तिथे हवा मिथेनची, गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या कितीतरी पट, आणि रहिवासी पक्ष्यांसारखे, हाताला तीन बोटं, हालचाली मंद. आता यांच्यासाठी वाहनं, अवजारं, घरातल्या वस्तू डिझाइन करा!

हा पोरखेळ वाटतो ना? पण जरा विचार करा. ड्रिल मशीनची मूठ अशीच का असते? आपल्याला पाच बोटं आहेत म्हणून. गाडीचा ब्रेक अमुक वेळात लागला पाहिजे हे कशावरून ठरतं? माणसाला प्रतिक्रिया द्यायला लागणाऱ्या वेळावरून. ही गृहीतकं इतकी अंगवळणी पडलेली असतात की दिसतच नाहीत. अर्नोल्ड यांनी माणूसच बाजूला काढला, आणि मुलांना प्रत्येक गोष्ट पुन्हा पहिल्यापासून विचारावी लागली. शिवाय आर्क्टुरसचं हँडबुक कुठल्याच ग्रंथालयात नव्हतं. 1957 मध्ये ते स्टॅनफर्डला गेले आणि 1963 मध्ये अकालीच वारले.

या पद्धतीत एक उणीव मात्र होती, असं आम्हाला वाटतं. तीन बोटांच्या प्राण्यासाठी काढलेलं यंत्र चालतं की नाही, हे तपासणार कोण? कागदावर सगळीच यंत्रं चालतात.

याला उत्तर त्याच संस्थेत 1970 च्या दशकात मिळालं. वुडी फ्लॉवर्स हे तरुण प्राध्यापक. त्यांचं संशोधन कृत्रिम गुडघ्यावरचं. '2.70' नावाचा डिझाइनचा विषय त्यांच्याकडे आला. तिथे प्रत्येक विद्यार्थ्याला फुटकळ सामानाची एक पेटी मिळे, सगळ्यांना सारखीच. त्यातून यंत्र करायचं आणि सत्राच्या शेवटी सगळ्यांसमोर दुसऱ्याच्या यंत्राशी लढवायचं. सामान तेच, पण यंत्रं एकासारखं एक नाही. आणि यंत्र अडकलं तर ते सगळ्यांना दिसायचं, सरांना सांगावं लागायचं नाही. प्रेक्षकांनी सभागृह भरायचं. टीव्हीवरही ते दाखवलं गेलं. ऐन स्पर्धेत मुलं एकमेकांची यंत्रं दुरुस्त करायला धावत, याचं फ्लॉवर्स यांना विशेष. डीन केमन यांनी 1989 मध्ये स्थापन केलेल्या 'फर्स्ट' या संस्थेत तेही सामील झाले, आणि 1992 मध्ये हा प्रकार शाळांपर्यंत पोचला. पहिल्या वर्षी संघ होते 28.

जपानमध्ये तोक्यो इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत मासाहिरो मोरी यांनी मुलांना टॉर्चमध्ये घालतो तसे दोन सेल दिले: एवढ्या ऊर्जेवर माणूस बसलेली गाडी चालवून दाखवा. अट एवढीशी, पण मग घर्षण हा शब्द पाठ करावा लागत नाही, तो अंगाशी येतो. 1988 मध्ये तिथल्या एनएचके वाहिनीने रोबोकॉन सुरू केलं, 2002 मध्ये ते आशिया-पॅसिफिकचं झालं.

आणि 2008 मध्ये ते पुण्यात आलं, बालेवाडीला. यजमान देशाने समस्या ठरवायची असते. आपण काय दिलं? 'गोविंदा'. उंचावर टांगलेल्या मडक्यातलं लोणी यंत्रांनी काढायचं. दरवर्षी रस्त्यावर थरावर थर लावून आपली पोरं जो प्रश्न सोडवतात, तो त्या दिवशी देशोदेशींच्या इंजिनिअरिंगच्या मुलांपुढे होता, आणि त्याची जीटी मारायला कुणाकडेच सीनियरची शीट नव्हती.

आता प्रश्न घेऊ या. मागच्या रांगेतून कुणीतरी मघापासून हात वर केलाय.