आंतरधर्मीय ज्यू कुटुंबे (अमेरिका)

ज्यू व बिगर-ज्यू जोडीदारांची कुटुंबे. प्यू संशोधन केंद्राच्या २०२० च्या पाहणीत विवाहित अमेरिकन ज्यूंपैकी ४२ टक्क्यांचे जोडीदार बिगर-ज्यू होते. २०१० नंतर लग्न केलेल्यांत हे प्रमाण ६१ टक्के होते.

पारंपरिक धर्मशास्त्रानुसार मुलाचे ज्यूपण आईकडून येते. रिफॉर्म पंथाच्या रब्बींनी (ज्यू धर्मगुरूंनी) १९८३ मध्ये ज्यू पित्याच्या अपत्यांनाही, ज्यू संस्कार झाल्यास, मान्यता दिली. ऑर्थोडॉक्स व कॉन्झर्व्हेटिव्ह पंथ ती मानत नाहीत. त्यामुळे एकच मूल एका सिनेगॉगमध्ये (ज्यू प्रार्थनास्थळात) ज्यू, तर दुसऱ्यात परके ठरते. कुटुंबाला इथे खोल जखम होऊ शकते.

जोडीदार ख्रिस्ती असेल, तर सणांचा प्रश्नही येतो. ज्यूंचा हनुका आणि ख्रिश्चनांचा नाताळ बहुधा डिसेंबरात लागोपाठ येतात, आणि घरात नाताळचे झाड आणावे का, हा वाद उभा राहतो. हनुका धर्मदृष्ट्या दुय्यम असूनही नाताळच्या शेजारामुळे अमेरिकेत मोठा झाला. आणखी एक अडचण वसंतात येते: ईस्टर अनेकदा ज्यूंच्या पासोव्हर सणाच्या आठवड्यातच पडतो, आणि त्या दिवसांत ज्यूंना आंबवलेली भाकरी वर्ज्य असते. तरीही पासोव्हरचे सेदर-भोजन अशा कुटुंबांना विशेष सोयीचे. ते घरच्या मेजावर होते, इजिप्तच्या गुलामीतून ज्यूंच्या सुटकेची कथा मोठ्याने वाचली जाते आणि ख्रिस्ती आजी-आजोबाही त्यात वाचनाची पाळी घेतात.