हॅम्लिन दाम्पत्य आणि अडिस अबाबाचे फिस्टुला रुग्णालय

सेवाभावी संस्था उभारणारी माणसे गेली की बहुधा संस्थाही ओसरत जाते. इथिओपियाची राजधानी अडिस अबाबा येथील फिस्टुला रुग्णालयाच्या वाट्याला हे आले नाही. डॉ. रेजिनाल्ड हॅम्लिन यांचे १९९३ मध्ये आणि त्यांच्या पत्नी डॉ. कॅथरीन यांचे १८ मार्च २०२० रोजी, वयाच्या ९६ व्या वर्षी, निधन झाले. शस्त्रक्रिया मात्र थांबल्या नाहीत.

कॅथरीन यांचा जन्म १९२४ चा, सिडनीचा. रेजिनाल्ड मूळचे न्यूझीलंडचे. दोघेही स्त्रीरोगतज्ज्ञ. अडिस अबाबातील सरकारी रुग्णालयात सुईणींसाठी शाळा सुरू करण्याकरिता डॉक्टर हवे आहेत, अशी जाहिरात ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांच्या पाहण्यात आली. १९५९ मध्ये सहा वर्षांच्या मुलाला घेऊन ते तेथे पोहोचले. करार तीन वर्षांचा होता. सुईणींची शाळा फार काळ चालली नाही; पण तोवर त्यांच्यापुढे वेगळेच काम येऊन ठेपले होते.

प्रसूती अडून दोन-चार दिवस वेणा चालू राहिल्या, की बाळाचे डोके व मातेचे कटीचे हाड यांच्यामध्ये मूत्राशय चेपला जातो. तेथील रक्तपुरवठा तुटून ऊती मरतात आणि छिद्र पडते. हाच प्रसूतीजन्य फिस्टुला. (मराठीत ज्याला भगंदर म्हणतात तो गुदमार्गाचा विकार वेगळा.) बाळ बहुधा मृतच जन्मते आणि आईची लघवी अहोरात्र झिरपत राहते. दुर्गंधीमुळे नवरा टाकतो, गाव दूर ठेवते. वेळेवर सिझेरियन उपलब्ध असलेल्या देशांतून हा विकार जवळजवळ नाहीसा झाला आहे. त्यावर उपचार करणारे एकोणिसाव्या शतकातील रुग्णालय न्यूयॉर्कमध्ये जेथे होते, तेथे पुढे वॉल्डॉर्फ अस्टोरिया हॉटेल उभे राहिले.

हॅम्लिन दाम्पत्याने हा विकार त्यापूर्वी पाहिलेलाच नव्हता. जुने वैद्यकीय ग्रंथ चाळून आणि इजिप्तमधील शल्यविशारद नगीब महफूझ यांच्या अनुभवाचा आधार घेऊन त्यांनी शस्त्रक्रियेचे तंत्र आत्मसात केले. १९७४ मध्ये, सम्राट हैले सेलासी यांची सत्ता उलथली त्याच वर्षी, त्यांचे स्वतंत्र रुग्णालय सुरू झाले. उपचार मोफत. बरी झालेली स्त्री घरी निघाली की तिला नवे वस्त्र दिले जाई. त्यानंतरची लष्करी राजवट, दुष्काळ, यादवी या साऱ्या काळात हे दाम्पत्य तेथेच राहिले.

त्यांच्या नेतृत्वाचे खरे वैशिष्ट्य मनुष्यबळाच्या निवडीत दिसते. बऱ्या झालेल्या रुग्णांनाच त्यांनी परिचर्येच्या कामावर घेतले. नव्याने आलेल्या मुलीची लाज या बायकांना समजावून सांगावी लागत नसे. मामितू गाशे १९६२ मध्ये किशोरवयात रुग्ण म्हणून आल्या. अक्षरओळख नव्हती. आधी खाटांवरच्या चादरी बदलणे, मग शस्त्रक्रियागृहात उपकरणे हाती देणे, असे करता करता रेजिनाल्ड यांनी त्यांना टाके घालायला शिकवले. पुढे त्या स्वतः शस्त्रक्रिया करू लागल्या, इतकेच नव्हे तर परदेशातून आलेल्या डॉक्टरांनाही शिकवू लागल्या. १९८९ मध्ये इंग्लंडच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सने हॅम्लिन दाम्पत्याबरोबरच त्यांचाही गौरव केला.

पतीच्या निधनानंतर कॅथरीन यांच्या मनात परतण्याचा विचार आला होता. रुग्णालयाच्या माळ्याने त्यांना थांबण्याची विनवणी केली, अशी आठवण त्या सांगत. त्या थांबल्या. रुग्णालयाच्या आवारातील साध्या घरात राहून नव्वदीतही शस्त्रक्रिया करीत राहिल्या.

पैसा मुख्यतः परदेशी देणगीदारांकडून येई. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, ब्रिटन आदी देशांत त्यासाठी मंडळे स्थापन झाली. २००४ मध्ये ओप्रा विन्फ्रे यांच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमामुळे अमेरिकेतूनही मदतीचा ओघ सुरू झाला. पुढे बहिर दार, मेकेले, यिरगालेम, हरार आणि मेटू येथे प्रादेशिक रुग्णालये उघडली. शस्त्रक्रियेनेही बऱ्या न होणाऱ्या स्त्रियांसाठी राजधानीजवळ ‘देस्ता मेंदेर’ म्हणजे ‘आनंदाचे गाव’ वसवले गेले. साठ हजारांहून अधिक स्त्रियांवर या संस्थेने उपचार केले.

परंतु छिद्रे शिवत राहण्याने प्रश्न मिटणारा नव्हता. आफ्रिका व आशियात मिळून वीस लाखांहून अधिक स्त्रिया उपचारांविना फिस्टुला घेऊन जगत असल्याचा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. बऱ्या झालेल्या तरुणीचे छायाचित्र देणगीदाराला लगेच हलवते. न घडलेल्या दुखापतीचे छायाचित्र काढता येत नाही. तरीही कॅथरीन यांनी २००७ मध्ये, वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी, सुईणींचे महाविद्यालय सुरू केले. ग्रामीण भागातील मुली निवडायच्या, त्यांना शिक्षण द्यायचे आणि पुन्हा ग्रामीण भागातच कामाला पाठवायचे, अशी ही योजना. पहिली तुकडी २०१० मध्ये बाहेर पडली. प्रसूती अडते आहे हे ओळखून बाईला वेळेत मोठ्या रुग्णालयात धाडणे, हे या सुईणींचे सर्वांत महत्त्वाचे काम. त्या जाहिरातीतही सुईणींची शाळाच मागितलेली होती.