कात्रजचें घर आणि गहाणाचे कागद

कात्रज हें नांव इतिहासाभ्यासूंस मुख्यतः पाण्यावरून परिचित आहे. नानासाहेब पेशव्यांच्या कारकीर्दींत (१७४०–१७६१) येथील तलावाचें पाणी जमिनीखालील नळांतून पुण्यास आणिलें. तें शनिवारवाड्यांत व पेठांतील हौदांत पडे. आज ओघ उलटा वाहतो. पेठेंत घर घेणें ज्यास झेपत नाहीं असें नवें कुटुंब कात्रजकडे वळतें. हें गांव १९९७ सालीं महानगरपालिकेच्या हद्दींत आलें. तेथील पहिल्या घरधन्याचे कर्जाचे कागद जुन्या गहाणखतांशेजारीं ठेवून पाहिले असतां दोहोंवरही प्रकाश पडतो.

जुन्या गहाणाचे मुख्य प्रकार तीन. ताबेगहाणांत घर धनकोच्या ताब्यांत जाई व त्याचें उत्पन्न व्याजाचे ठिकाणीं धरलें जाई. नजरगहाणांत ताबा ऋणकोकडेच राही. तिसरा प्रकार मुदतखरेदीचा. कागदावर ती विक्री. परंतु ठरल्या मुदतींत पैसा फेडल्यास मिळकत परत द्यावयाची. विक्री करणारा पुष्कळदां भाडेचिठ्ठी लिहून देऊन त्याच घरांत राही, आणि भाडें म्हणजे वस्तुतः व्याजच असे. म्हणून एखाद्या दप्तरांत खरेदीखत हातीं आलें म्हणजे घर विकलें गेलें असें एकदम समजूं नये. किंमत फार हलकी आहे काय, व त्याच सुमाराची भाडेचिठ्ठी सांपडते काय, हें आधीं पाहावें.

ह्या कागदांचा धाक किती होता हें १२ मे १८७५ रोजीं सुपें येथें दिसून आलें. तेथें सुरू झालेल्या दंग्यांत लोकांचा रोख मुख्यतः सावकारांच्या रोख्यांवर होता. ते हिसकावून जाळले गेले. पुढें १८७९ चा दक्षिणी शेतकरी कायदा पुणें, सातारा, अहमदनगर व सोलापूर ह्या जिल्ह्यांस लागू झाला, व रोख्यामागील व्यवहाराची मुळापासून चौकशी करण्याचें काम न्यायाधीशाकडे आलें.

आतां आजचें कर्ज पाहूं. एक लाख रुपये, दरसाल दरशेंकडा साडेआठ, मुदत वीस वर्षें, असें उदाहरण घेतल्यास हप्ता सुमारें ८६८ रुपये येतो. पहिल्या हप्त्यांतील ७०८ रुपये व्याजाचे. मुद्दलांत पडतात अवघे १६०. वीस वर्षांत एकूण फेड सुमारें २,०८,००० रुपये होते. येथें दामदुपटीचें स्मरण होणें स्वाभाविक आहे. परंतु तो नियम एके वेळीं थकलेलें व्याज मुद्दलाहून अधिक मागूं नये एवढाच होता. दरमहा भरत गेलेल्या व्याजाची बेरीज त्यांत येत नाहीं.

ताब्याच्या दृष्टीनें हें नजरगहाणासारखेंच. नांव घरधन्याचें, वहिवाट घरधन्याची. मूळ खरेदीखत मात्र बँकेच्या तिजोरींत. दस्तऐवज ठेवून केलेलें हें गहाण १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यास मान्य आहे. पूर्वीं कर्ज फिटलें म्हणजे रोखा फाडून परत देण्याचा प्रघात होता. ह्यावरून एक अनुमान निघतें: आमच्या संग्रहांत धडधाकट उरलेल्या रोख्यांत न फिटलेल्या कर्जांचा भरणा अधिक असावा, आणि ज्यांनीं निमूटपणें देणें वारलें त्यांची स्मृति त्यांच्या कागदांबरोबरच गेली असावी. त्या काळाच्या ऋणाचें चित्र रेखाटतांना हा तोल सांभाळणें अवश्य आहे.

रिझर्व्ह बँकेच्या २०२३ च्या आदेशानें कर्ज पूर्ण फिटल्यापासून तीस दिवसांत मूळ दस्तऐवज परत करणें आवश्यक ठरलें, व सावकारी संस्थेकडून विलंब झाल्यास दररोज ५,००० रुपये भरपाईही ठरविली गेली. म्हणजे वीस वर्षांनीं हे कागद अखंड स्वरूपांत घरीं येतील. त्यांच्यासोबत सातबाऱ्याचे उतारे असतील, आणि क्वचित् त्याच जमिनीच्या पूर्वीच्या मालकांचीं मोडी खतेंही असतील. इमारत उठली तेथें कोणाचें शेत होतें, तें कोणत्या कारणानें हातचें गेलें, ह्याचा पुरावा कदाचित् तेवढाच उरेल. संग्राहकांनीं पेठांतील वाडे धुंडाळतांना कात्रजच्या ह्या नव्या बिऱ्हाडांकडेही जावें, आणि कर्ज फिटलें म्हणून कागद टाकूं नका, एवढें त्यांस सांगावें.