चित्रा तारा आणि सरकलेली संक्रांत

मंडळी, आज आपण एकच तारा हाताशी धरून खगोलशास्त्राच्या इतिहासात फिरणार आहोत. चित्रा. पण आधी एक प्रश्न. संक्रांतीला सूर्य उत्तरेकडे वळतो, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. प्रत्यक्षात तो वळतो २१-२२ डिसेंबरला, आणि तिळगूळ आपण वाटतो १४-१५ जानेवारीला. मधले हे तेवीस-चोवीस दिवस आले कुठून?

इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीला अलेक्झांड्रियात टिमोकॅरिसने चित्रेची जागा मोजली. सप्टेंबरात दिवस-रात्र समान होतात तेव्हा सूर्य जिथे असतो, त्या शरद संपात बिंदूच्या ती ८ अंश अलीकडे होती. सुमारे दीडशे वर्षांनी हिपार्कसने मोजलं, तर ६ अंश.

आता हे मोजलं कसं? सूर्य आणि तारा एकत्र दिसत नाहीत. म्हणून चंद्रग्रहण. ग्रहणात चंद्र सूर्याच्या बरोबर समोर, १८० अंशांवर असतो. तारखेवरून सूर्याची जागा काढायची, त्यावरून चंद्राची, आणि मग चंद्रापासून चित्रा किती अंशांवर ते मोजायचं. इतकं साधं, पण ग्रहणाची वाट बघावी लागते!

दोन अंशांचा फरक. जुन्या माणसाची चूक म्हणून तो सोडून देता आला असता. हिपार्कसने ती नोंद खरी मानली आणि म्हटलं, संपात बिंदूच सरकतोय, शंभर वर्षांत निदान १ अंश तरी. खरा वेग ७२ वर्षांत १ अंश. कारण कळायला मात्र न्यूटनच्या १६८७ च्या ग्रंथापर्यंत थांबावं लागलं: पृथ्वी मध्यावर फुगलेली आहे, त्या फुगवट्याला सूर्य-चंद्र ओढतात, आणि तिचा अक्ष भोवऱ्यासारखा डुलतो. एक फेरी सुमारे २६,००० वर्षांची.

आपल्याकडे काय चाललं होतं? वेदांग ज्योतिषात उत्तरायण धनिष्ठेच्या आरंभी सांगितलंय. सहाव्या शतकात वराहमिहिर बृहत्संहितेत लिहितो की जुन्या शास्त्रांत दक्षिणायन आश्लेषेच्या मध्यावर होतं, आता ते कर्काच्या आरंभी होतं. आणि फरक वाटला तर स्वतः तपासा, असंही सांगतो. दूरची खूण धरून सूर्योदय-सूर्यास्त बघा, नाहीतर मोठ्या वर्तुळात सावली बघा. आम्हाला हा माणूस फार आवडतो. गंमत म्हणजे लगेच पुढे तो अपशकुनही सांगतो: सूर्य मकरेला न पोचताच वळला तर अनर्थ. आजच्या पंचांगाच्या हिशेबाने तो दरवर्षीच न पोचता वळतो!

कारण पंचांगाची मकर रास ताऱ्यांना बांधलेली, आणि अयन चाललंय ऋतूंबरोबर. साधारण १७०० वर्षांपूर्वी दोन्ही एकत्र होती. तेव्हापासून दर ७२ वर्षांनी एक दिवस संक्रांत पुढे जाते. त्यामुळे पानिपतावर संक्रांतीच्याच दिवशी लढाई झाली, हे आपण ऐकतो ते हिशेबात बसत नाही. १४ जानेवारी १७६१ ला संक्रांत होऊन तीन-चार दिवस झाले होते.

एकोणिसाव्या शतकात हा प्रश्न महाराष्ट्रात घराघरात आला. केरो लक्ष्मण छत्रे यांनी नव्या गणिताचं पटवर्धनी पंचांग काढलं. त्यात राशींचा आरंभ रेवतीतल्या झीटा पिशियम या ताऱ्यापासून धरला. दुसरा पक्ष म्हणाला, चित्रेच्या बरोबर समोरून धरा. दोन्हींत सुमारे ४ अंशांचं अंतर, म्हणजे चार दिवसांचं. काही वर्षी अधिक महिनाच वेगळा येतो, आणि मग सणही महिनाभराने हलतात. घरातल्या आजीला सांगून बघा, गणपती पुढच्या महिन्यात! शंकर बाळकृष्ण दीक्षित, ज्यांनी १८९६ मध्ये ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ लिहिलं, ते तर म्हणत होते की राशी ऋतूंनाच बांधा, सायन पंचांग घ्या. म्हणजे मकर संक्रांत थेट डिसेंबरात. आमच्या मते ऋतूंच्या बाजूने त्यांचं म्हणणं बिनतोड होतं. लोकांनी ते घेतलं नाही.

पुढे मेघनाद साहा यांच्या समितीने १९५५ मध्ये मधला रस्ता काढला. २२ मार्च १९५७ पासून आलेल्या राष्ट्रीय दिनदर्शिकेचे महिने ऋतूंना बांधले, नक्षत्रांसाठी चित्रा पक्ष ठेवला. सरकारी कागदावर ती तारीख आजही छापलेली असते, वाचत कोणी नाही.

एप्रिल-मेच्या रात्री सप्तर्षींच्या शेपटीची कमान पुढे न्या. आधी केशरी स्वाती लागेल, मग निळसर पांढरी चित्रा. टिमोकॅरिसने मोजली ती हीच. शरद संपात आता तिच्या मागे गेलाय, २४ अंश.