भयकथेंतील बंद खोली

इ. स. १७६४ च्या जून महिन्यांत एके सकाळीं होरेस वॉल्पोल हा इंग्रज गृहस्थ एका विलक्षण स्वप्नांतून जागा झाला. आपण एका जुनाट किल्ल्यांत उभे आहों आणि भल्या मोठ्या जिन्याच्या वरच्या कठड्यावर चिलखत घातलेला एक प्रचंड हात टेकलेला आहे, एवढेंच काय तें त्याला आठवत होतें. त्याच दिवशीं संध्याकाळीं तो लिहावयास बसला आणि दोन महिन्यांच्या आंत एक पुस्तक पुरें झालें. २४ डिसेंबर रोजीं, नाताळच्या आदल्या दिवशीं, ‘ओट्रँटोचा किल्ला’ या नांवानें तें लंडनांत विक्रीस आलें. प्रती होत्या पांचशें. मुखपृष्ठावर वॉल्पोलचें नांव नव्हतें. ओनुफ्रिओ मुराल्टो नांवाच्या कोणा इटालियन धर्माधिकाऱ्याच्या ग्रंथाचें हें भाषांतर आहे, अशी थाप तेथें ठोकून दिलेली होती. वॉल्पोल हा पंतप्रधानाचा मुलगा आणि स्वतः पार्लमेंटचा सभासद. भुताखेतांची गोष्ट आपल्या नांवावर शोभेल कीं नाहीं, याचा त्याला भरंवसा नव्हता. पुस्तक लोकांना आवडलें, तेव्हां मात्र १७६५ सालच्या दुसऱ्या आवृत्तींत त्यानें कर्तृत्व कबूल केलें आणि नांवाखालीं ‘गॉथिक कथा’ असे दोन शब्द घातले. इंग्रजी भयकथेचें बारसें झालें तें असें.

‘गॉथिक’ हा शब्द मुळांत इमारतींचा. मध्ययुगांतील टोकदार कमानींच्या ख्रिस्तमंदिरांना तो लावीत, आणि अठराव्या शतकांतील नागर लोक त्यांत रानटी, ओबडधोबड असाही अर्थ मिसळीत. वॉल्पोलला त्या रानटीपणाचाच शौक. ट्विकनहॅम येथें थेम्स नदीकांठीं ‘स्ट्रॉबेरी हिल’ नांवाचें त्याचें घर होतें. कमानी, मनोरे आणि रंगीत कांचा बसवून त्यानें त्याला जुन्या मठाची कळा आणली होती. अशा घरांत निजणारास तसलें स्वप्न पडावें यांत नवल तें काय?

कथा मोठी धांदलीची आहे. लग्नाच्या दिवशींच एक राक्षसी शिरस्त्राण कोसळतें आणि नवरा मुलगा त्याखालीं चिरडून मरतो. चित्रांतला पूर्वज चौकटींतून खालीं उतरतो, पुतळ्याच्या नाकांतून रक्त गळतें. आजच्या वाचकास भीतीऐवजीं हंसूंच यावयाचें. पण या गोंधळाच्या मधोमध एक प्रसंग आहे, तो हंसण्यावारी नेतां येत नाहीं. मुलगा मेला, आतां वंश बुडणार, म्हणून किल्ल्याचा धनी मॅन्फ्रेड हयात बायकोला दूर सारून मुलाच्या वाग्दत्त वधूशीं, इझाबेलाशीं, स्वतःच लग्न लावावयास निघतो. ती पोर हातांत दिवा घेऊन तळघरांतील भुयाराकडे पळते; वाऱ्यानें दिवा विझतो. भुताची तिला भीति नाहीं. ज्याच्या छपराखालीं ती आलेली, त्या घरधन्याच्या भीतीनें ती पळते आहे. पुढील शंभर वर्षांच्या भयकथेचें बीज त्या शिरस्त्राणांत शोधूं नये. तें या भुयारांत आहे.

हें बीज ओळखलें एका बाईनें. ॲन रॅडक्लिफचा जन्म, योगायोग असा कीं, १७६४ चाच. नवरा वर्तमानपत्रांत कामाला, घरीं परतावयास त्याला रात्र होई. त्या एकांतांत शेकोटीजवळ बसून ही लिहीत असे. ‘उडोल्फोचीं रहस्यें’ ही तिची चार खंडांची कादंबरी १७९४ सालीं निघाली. प्रकाशकानें पांचशें पौंड मोजले. १७९७ च्या ‘द इटालियन’ला आठशें मिळाले. त्या काळच्या मानानें ही रक्कम अचाट होती. ‘उडोल्फो’ची नायिका एमिली ही आईबापांवेगळी मुलगी आत्याच्या पदरीं पडते. आत्या मोंतोनी नांवाच्या इटालियन माणसाशीं लग्न करते आणि तो दोघींना ॲपेनाइन पर्वतांतील उडोल्फोच्या किल्ल्यांत नेऊन ठेवतो. तेथें एका खोलींत काळा पडदा टांगलेला आहे. एमिली तो उचलते, आंत पाहते आणि बेशुद्ध पडते. तिनें काय पाहिलें? बाई तें सांगतच नाहींत. शेंकडों पानें उलटावीं लागतात, आणि अगदीं अखेरीस कळतें कीं तो मेणाचा पुतळा होता! रॅडक्लिफच्या या कादंबऱ्यांतील भुतांचा उलगडा असाच होतो. वारा, चोर, कोणी लपून गाणारा, असें कांहीं तरी निघतें. कित्येक वाचक यावर रुसले, तें रास्तच म्हणावें लागेल. इतकी वाट पाहावयास लावून शेवटीं हातावर मेण ठेवणें ही थोडी फसवणूकच आहे.

पण एका भीतीचा उलगडा ‘तेथें कांहीं नव्हतें’ असा होत नाहीं. आत्याच्या फ्रान्समधील जमिनी मोंतोनीला स्वतःच्या नांवावर हव्या आहेत. ती सही देत नाहीं. तो तिला मनोऱ्यांत कोंडतो आणि त्या कोंडण्यानें आजारी पडून ती मरते. मग त्याच जमिनींच्या कागदावर एमिलीची सही मागण्यांत येते. भूत खोटें निघालें, कागद खरा निघाला. रॅडक्लिफनें ही कथा इ. स. १५८४ च्या काळांत आणि परदेशांत नेऊन ठेवली. इटलीचें तिनें दर्शनही घेतलें नव्हतें. परंतु वाचणाऱ्या स्त्रियांना तो कागद परका वाटला नाहीं.

या स्त्रियांना पुस्तकें मिळत तीं बहुधा वर्गणीच्या वाचनालयांतून. लंडनांत लेडनहॉल स्ट्रीटवर विल्यम लेन याचा ‘मिनर्व्हा’ छापखाना होता, जोडीला वाचनालयही होतें. भयकथांचें तें कोठारच. वर्गणी भरावी, एक खंड न्यावा, तो परत करून दुसरा आणावा. दुसरा आधींच कोणी नेला असेल तर मुकाट्यानें थांबावें. कथा मंद आंचेवर शिजत ठेवण्याच्या पद्धतीमागें असें एक अगदीं व्यवहारी कारण आहे. पुस्तकच मुळीं तुकड्यातुकड्यांनीं घरांत येई. मुलींचीं डोकीं फिरतात म्हणून वडीलधारी माणसें या पुस्तकांवर कातावत, आणि मुली तीं उशीखालीं दडवून वाचीत.

जेन ऑस्टेननें या वेडाची थट्टा केली. ‘नॉर्थँगर ॲबी’ तिनें १७९८-९९ च्या सुमारास लिहिली, १८०३ सालीं एका प्रकाशकास दहा पौंडांना विकली, आणि त्यानें ती छापलीच नाहीं. १८१६ सालीं तेच दहा पौंड मोजून हस्तलिखित सोडवून आणावें लागलें. पुस्तक निघालें तें १८१७ च्या डिसेंबरांत, लेखिकेच्या मृत्यूनंतर. तिची कॅथरीन एका जुन्या कपाटांतून गुंडाळी केलेले कागद थरथरत्या हातांनीं बाहेर काढते. मेणबत्ती विझते, रात्र भीतींत जाते, आणि सकाळीं पाहावें तों धुण्याचीं बिलें! घरचा यजमान जनरल टिल्नी यानें बायकोला ठार केलें किंवा कोंडून ठेवलें असावें, ही तिची शंकाही पोकळ ठरते. येथवर सारी गंमत. परंतु ही मुलगी श्रीमंत नाहीं असें कळतांच तोच जनरल तिला सकाळींच घराबाहेर काढतो आणि सोबतीला नोकरही न देतां सत्तर मैलांच्या प्रवासाला लावतो. ऑस्टेनबाई थट्टा करतां करतां रॅडक्लिफबाईंच्याच दाराशीं येऊन उभ्या राहिल्या.

याच पुस्तकांत एक मैत्रीण कॅथरीनला सात भयंकर कादंबऱ्यांचीं नांवें वाचून दाखविते. तीं लेखिकेनेंच रचलीं असावींत, असा पुढें समज पसरला होता. मायकेल सॅडलियर या ग्रंथसंग्राहकानें १९२७ सालीं त्यांवर निबंध लिहिला, तोंपर्यंत शोधाअंतीं सातही पुस्तकें खरीं निघालीं होतीं. त्यांतलीं सहा मिनर्व्हाचीं. हाताळून हाताळून जीं पुस्तकें चिंध्या होतात, तींच पुढें दुर्मिळ होतात.

आतां त्या कागदाकडे वळावें. इंग्लंडच्या जुन्या कायद्याप्रमाणें लग्न होतांच स्त्रीची रोकड, चीजवस्त आणि पुढील कमाई नवऱ्याची होई. जमिनीचें उत्पन्नही तोच घेई. सधन बाप लग्नाआधीं वकिलाकडून करारपत्र करवून मुलीची कांहीं मिळकत विश्वस्तांच्या हातीं ठेवीत. आपल्याकडील स्त्रीधनासारखी ही सोय खरी, पण ज्याला वकील परवडे त्यालाच. विवाहितेची स्वतःची कमाई तिच्या हातीं आली ती १८७० च्या कायद्यानें, आणि सारी मिळकत आली ती १८८२ च्या. दुसरें कुलूप होतें वेड्यांच्या घरांचें. नातलगाचा हुकूम आणि दोन डॉक्टरांचे दाखले, एवढ्यावर माणसाला खासगी वेड्यांच्या घरांत ठेवतां येई.

१८५८ च्या जूनमध्यें प्रसिद्ध कादंबरीकार एडवर्ड बुल्वर-लिटन हा नुकताच वसाहतमंत्री झाला होता. हर्टफर्ड येथें निवडणुकीच्या सभेंत, जमलेल्या लोकांसमक्ष, त्याच्यापासून विभक्त राहणारी त्याची बायको रोझिना हिनें त्याचे वाभाडे काढले. थोड्याच दिवसांत तिला वेडी ठरवून ब्रेंटफर्ड येथील एका घरांत ठेवण्यांत आलें. वर्तमानपत्रांनीं गिल्ला केला, तेव्हां सुमारें तीन आठवड्यांनीं तिची सुटका झाली. दुसऱ्याच वर्षीं, १८५९ च्या ऑगस्टांत, ‘ब्लॅकवुड्स’ मासिकांत लंडनमधील एका झपाटलेल्या घराची गोष्ट आली. इंग्रजींतील नामांकित भूतकथांत तिची आजही गणना होते. लेखक कोण? तर बुल्वर-लिटनच.

नवऱ्यानें भूत लिहिलें. घराची गोष्ट लिहिली विल्की कॉलिन्सनें. कॉलिन्सनें १८५१ सालीं बॅरिस्टरीची सनद घेतली होती, पण वकिली केली नाहीं. १८५६ सालीं पॅरिसांत रस्त्यावरील जुन्या पुस्तकांत त्याला फ्रेंच खटल्यांच्या हकीकतींचे जीर्ण खंड मिळाले. त्यांत द्यूओ नांवाच्या एका सरदार स्त्रीची कथा होती. आप्तांनीं तिला गुंगीचें औषध देऊन पॅरिसच्या साल्पेत्रिएर येथें दुसऱ्याच नांवानें डांबलें, बाहेर ती मेली असें जाहीर केलें आणि मिळकत घेतली. ती सुटली, पण आपण आपणच आहों हें कोर्टांत तिला मरेपर्यंत सिद्ध करतां आलें नाहीं.

या धाग्यावर ‘द वुमन इन व्हाइट’, म्हणजे ‘पांढऱ्या वस्त्रांतील स्त्री’, ही कादंबरी उभी राहिली. डिकन्सच्या ‘ऑल द इयर राउंड’ या दोन पेनींच्या साप्ताहिकांत ती २६ नोव्हेंबर १८५९ पासून २५ ऑगस्ट १८६० पर्यंत चाळीस हप्त्यांनीं आली. लंडनबाहेर चांदण्या मध्यरात्रीं एक तरुण चित्रकलाशिक्षक चालला आहे. रस्त्यावर चिटपांखरूं नाहीं. आणि मागून त्याच्या खांद्यावर हात पडतो. वॉल्पोलच्या जिन्यावर चिलखताचा हात होता. येथें हात जित्या माणसाचा आहे. वळून पाहतो तों नखशिखांत पांढऱ्या वस्त्रांतील स्त्री. जुन्या कथेंत ती पिशाच्च ठरली असती. येथें ती वेड्यांच्या इस्पितळांतून पळालेली ॲन कॅथरिक आहे.

खरी भीति यानंतर हळुहळू चढूं लागते, आणि ती चढते एका करारपत्रानें. लॉरा फेअरली हिचें सर पर्सिव्हल ग्लाइडशीं लग्न ठरतें. ती निपुत्रिक मेली तर तिचे वीस हजार पौंड नवऱ्यास मिळावे, असें कलम त्याचा वकील घालूं पाहतो. म्हातारा कौटुंबिक वकील गिल्मोर जिवाच्या आकांतानें विरोध करतो, आणि लॉराचा आळशी चुलता ‘मला त्रास नको’ म्हणून संमति देऊन टाकतो. येथें ना वादळ ना किंकाळी. दोन वकिलांचा पत्रव्यवहार काय तो. पण तें प्रकरण संपतांना वाचकाच्या पोटांत गोळा येतो, कारण आतां लॉराचा जीव वीस हजारांचा झाला आहे. पुढें बहीण मेरियन पावसांत छपरावर बसून खलांची मसलत ऐकते, तापानें फणफणते, आणि तिची रोजनिशी मध्येंच तुटते. त्याच वहींत खालीं दुसरें अक्षर दिसतें. तें असतें कौंट फॉस्कोचें. त्यानें सारी वही वाचलेली असते. साऱ्या कादंबरींत याहून भयंकर पान नाहीं, आणि भूत तर तेथें औषधालाही नाहीं.

ॲन आणि लॉरा यांचे चेहरे सारखे. ॲन मरते, तिला लॉरा म्हणून पुरतात. लॉराला ॲन म्हणून वेड्यांच्या घरांत कोंडतात. लोकांनीं हे हप्ते अक्षरशः खाऊन टाकले. या नांवाच्या टोप्या निघाल्या, अत्तरें निघालीं, नाचाच्या चाली निघाल्या. तीन खंडांचें पुस्तक झालें त्याची किंमत साडे एकतीस शिलिंग. मूडीच्या वाचनालयाची एका वेळीं एक खंड नेण्याची वर्षाची वर्गणी मात्र एकवीस. अर्थात् बहुतेकांनीं पुन्हां खंडाखंडानेंच वाचलें. टीकाकारांनीं गुपित फोडूं नये अशी विनंति कॉलिन्सनें प्रस्तावनेंत केली होती. १८६३ सालीं हेन्री मॅन्सेल या ऑक्सफर्डच्या पंडितानें असल्या कादंबऱ्यांवर कडक टीका केली आणि नियतकालिकें, वाचनालयें व रेल्वेवरील पुस्तकांचीं दुकानें हीं त्यांचीं उगमस्थानें म्हणून दाखविलीं. निदान पंडितानें पत्ता तरी बरोबर दिला! या कादंबरीनें कायदे बदलले असें म्हणणें मात्र अतिशयोक्तीचें होईल. १८५९-६० सालीं वेड्यांच्या कायद्याची चौकशी पार्लमेंटची कमिटी तशीही करीतच होती.

लॉरा ही लॉराच आहे, याचा पुरावा कादंबरींत एकाच गोष्टीवर लटकलेला आहे. तिच्या मृत्यूच्या दाखल्यावर जी तारीख, तिच्या दुसऱ्या दिवशीं ती जिवंत लंडनास निघाली होती. ही तारीख मिळवितांना नायकाचा जीव मेटाकुटीस येतो. १८६० च्या ऑक्टोबरांत ‘टाइम्स’च्या परीक्षणकारानें मेरियनच्या रोजनिशीवरून दिवस मोजले आणि दाखवून दिलें कीं या हिशेबानें लॉरा सांगितलेल्या तारखेनंतर सुमारें पंधरा दिवसांपर्यंत घरांतून निघूंच शकत नव्हती, म्हणजे सारा पुरावाच कोसळला. कॉलिन्सनें चूक मान्य केली, आणि १८६१ च्या एका खंडांतील आवृत्तींत तारखा दुरुस्त करून घेतल्या.