कॉस्टेन चुकला, पण त्याचे पेशंट खोटं बोलत नव्हते

दात घट्ट आवळून बघा. ज्यांच्या कानात सतत सूं किंवा किर्र असा आवाज असतो, त्यांच्यापैकी बऱ्याच जणांना तो अशा वेळी वाढलेला किंवा बदललेला जाणवतो. आता कान कुठे आणि दाढा कुठे? या साध्या प्रश्नाचा इतिहास प्रत्येक नव्या संशोधकाने एकदा वाचावा असं मला वाटतं.

१९३४ साली अमेरिकेतल्या सेंट लुईसमध्ये जेम्स कॉस्टेन या कान-नाक-घसा तज्ज्ञाने एक पेपर छापला. पेशंट फक्त अकरा. तक्रारी अशा : कानात आवाज, दडे बसणं, ऐकू कमी येणं, चक्कर, डोकेदुखी, जिभेची जळजळ. यातल्या बऱ्याच लोकांच्या दाढा पडलेल्या होत्या किंवा कवळी नीट बसत नव्हती. कॉस्टेनने निष्कर्ष काढला की आधार गेल्यामुळे तोंड गरजेपेक्षा जास्त मिटतं, खालच्या जबड्याचं टोक मागे सरकतं आणि कानाजवळच्या नसांवर आणि कान-घसा जोडणाऱ्या नळीवर दाब देतं. उपाय? कवळीची उंची वाढवा.

असा विचार करणारा तो पहिला नव्हता. दंतवैद्य त्याआधीच जबडा आणि बहिरेपण यांची सांगड घालत होते. पण कानाच्या डॉक्टरने, कानाच्या डॉक्टरांच्या नियतकालिकात तेच लिहिलं आणि दुखण्याला त्याचं नाव चिकटलं : कॉस्टेन सिंड्रोम. (कुठे छापलं याला किती वजन असतं, ते इथे दिसतं.) पुढे कित्येकांच्या दातांची उंची या सिद्धांतापायी बदलली गेली. घासलेला दात परत येत नाही, हे लक्षात ठेवा.

१९४८ मध्ये हॅरी सिखर या शरीररचनाशास्त्रज्ञाने हिशेब मांडला. व्हिएन्नात घडलेला आणि नंतर शिकागोत शिकवणारा हा माणूस जबड्याच्या सांध्यातला जाणकार. त्याचं म्हणणं थोडक्यात असं की कॉस्टेन सांगतो त्या नसा अशा जागी आहेत की जबड्याचं टोक तिथे दाब देऊच शकत नाही. यंत्रणा कोसळली. आणि आपल्याकडे नेहमी होतं तसं, यंत्रणेबरोबर निरीक्षणही संशयित ठरलं. पुढच्या दशकांत चर्चा सांध्याकडून चावण्याच्या स्नायूंकडे आणि ताणाकडे वळली. कानातला आवाज जरा बाजूला पडला.

पण पेशंट तर तक्रार करतच होते ना!

मधल्या काळात १९६२ मध्ये पिंटो यांनी मधल्या कानातलं हातोडीचं हाड आणि जबड्याच्या सांध्याची चकती यांना जोडणारा एक बारीक तंतू दाखवला. ऐकायला जादू वाटते, पण गर्भात ही हातोडी आणि जबडा एकाच कमानीतून घडतात, हे एकोणिसाव्या शतकातच राइखर्टने मांडलं होतं. तो तंतू हातोडी खरंच हलवतो का, यावर मात्र वाद आहे.

मला जास्त पटणारं उत्तर १९९९ च्या आसपासचं आहे. रॉबर्ट लेव्हीन यांनी मांडलं की जबडा आणि मानेकडून येणारे संदेश मेंदूच्या देठात, श्रवणाच्या पहिल्याच थांब्यावर, आवाजाच्या संदेशांना भेटतात. मिशिगनमध्ये सुसान शोर यांच्या गटाने गिनीपिगमध्ये चेहऱ्याच्या नसेचे धागे त्या केंद्रात पोचताना दाखवले. म्हणजे नसेवर हाड दाबायची गरजच नाही. दात आवळल्यावर आवाज का बदलतो, तेही इथे बसतं.

मात्र यावरून 'जबडा दुरुस्त केला की आवाज गेला' असं समजू नका. स्प्लिंटने काहींना आराम पडतो, काहींना नाही, आणि अनेक अभ्यास लहान आहेत. कंट्रोल गट नसलेला अकरा जणांचा तो पेपर वाचताना हेही डोक्यात ठेवा.

बाकी गंमत अशी की आयसीडी-१० या रोगांच्या जागतिक यादीत के०७.६ या कोडखाली कॉस्टेनचं नाव अजून छापलेलं आहे.