कस्टमनं सोनं अडवलं? सही करण्याआधी हे वाचा

आपल्या तालुक्यांतली पोरं कामाला आखातात जातात, वयस्कर माणसं हज-उमऱ्याला. परतताना मुंबई विमानतळावर कस्टमनं सोनं ताब्यात घेतलं की माणूस घाबरतो अन् पुढं आलेल्या कागदावर सही करून मोकळा होतो. खरं नुकसान तिथंच होतं.

सीमाशुल्क कायदा 1962 च्या कलम 124 प्रमाणे माल सरकारजमा करायचा किंवा दंड लावायचा असेल, तर आधी कारणांसह लेखी नोटीस द्यावी लागते. लेखी म्हणणं मांडायला वेळ आणि सुनावणीची वाजवी संधीही द्यावी लागते. तोंडी नोटीस चालते, पण ती त्या माणसानंच मागितली तर. ‘मला नोटीस नको, सुनावणी नको’ असा छापील मजकूर पुढं करून सही घेतली, तर तो हक्क सोडल्याचं धरता येत नाही, असं दिल्ली उच्च न्यायालयानं 2025 मध्ये सांगितलंय. तरी सही नकोच. हायकोर्टापर्यंत जाणं कापसाच्या पैशात बसत नाही.

माल ताब्यात घेतल्यापासून सहा महिन्यांत नोटीस यावी लागते. वरिष्ठ अधिकारी कारण नोंदवून आणखी सहा महिने वाढवू शकतात, पण मुदत संपण्याआधी तसं कळवावं लागतं. दोन्ही झालं नाही तर कलम 110 प्रमाणे माल परत मागता येतो. म्हणून ताबा-पावती जपा आणि गाव, पोस्ट, तालुका, पिनकोडसह पूर्ण पत्ता द्या. नोटीस पोहोचली नाही तर सुनावणी तुमच्याविना उरकू शकते.

सुनावणीला वकील नेता येतो. कारण दाखवून तारीख वाढवून मिळते, पण जास्तीत जास्त तीनदा.

काही जण म्हणतात, सोनं गेलं म्हणजे विषय मिटला. तसं नाही. 1949 मध्ये जेद्दाहून सांताक्रूझला उतरलेल्या मकबूल हुसेन यांचं 107.2 तोळे सोनं कस्टमनं सरकारजमा केलं, वर फौजदारी खटलाही झाला. एकाच गुन्ह्याला दोनदा शिक्षा कशी, हा त्यांचा सवाल सर्वोच्च न्यायालयानं 1953 मध्ये फेटाळला, कारण कस्टम अधिकारी म्हणजे कोर्ट नव्हे. त्यामुळं जबाब देतानाही जपून.

आदेश विरोधात गेला तर आयुक्तांकडे (अपील) 60 दिवसांत दाद मागता येते. सबळ कारण असेल तर आणखी 30 दिवस, त्यापुढं नाही. वादातल्या शुल्काच्या किंवा नुसत्या दंडाचा वाद असेल तर दंडाच्या साडेसात टक्के रक्कम आधी भरावी लागते. आदेश हाती पडला ती तारीख पाकिटावरच लिहून ठेवा.